‘पीपीटी करून आणा’ असं म्हटलं, तर?

ताईंनो, ‘तुमच्या गटाची माहिती पीपीटीत करून आणा’ हे वाक्य तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी एव्हाना ऐकलं असेल. कुणी बँकेत ऐकलं, कुणी पंचायत समितीत, कुणी प्रदर्शनाचा स्टॉल मागायला गेल्यावर. ऐकल्यावर आपण काय करतो? मान डोलावतो, बाहेर येतो आणि घरातल्या कॉलेजच्या पोराला म्हणतो, ‘बाबा, एवढं करून दे की रे.’

मीही तसंच केलं होतं. ती गोष्ट आधी सांगते, कारण आजचा सगळा पाठ तिच्यातूनच निघालाय. आमच्या गटाला चटणीच्या डंकासाठी कर्ज हवं होतं. भाच्याने रात्री बसून चौदा स्लाइडी केल्या. उडत येणारी अक्षरं, फिरणारी फुलं, मागे निळं आभाळ. घरी बघितलं तेव्हा झकास दिसत होतं. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन बँकेत गेलो. तिथल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली आणि मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं आणि डॉलरच्या खुणा. एक शब्द वाचता येईना. साहेबांनी भाच्याकडे बघितलं, भाच्याने माझ्याकडे बघितलं. मग साहेबांनी जो प्रश्न विचारला तोही भाच्यालाच विचारला, ‘युनिटची कॅपॅसिटी किती?’ त्याला काय ठाऊक! ज्या बाईने अकरा वर्षं चटणी कुटली ती शेजारी गप्प उभी, आणि उत्तर द्यायला पोरगा पुढे.

ते काम पुढे दीड महिना लांबलं. चूक बँकेची नव्हती, पोराचीही नव्हती. आमचंच आम्हाला कळलं नव्हतं, की पीपीटी म्हणजे काय आणि ती कुणाच्या हातात असायला पाहिजे.

आता ‘पीपीटी’ हा शब्द बघा. सगळ्या वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो, तसं हे झालंय. पॉवरपॉइंट नावाच्या प्रोग्रॅमची फाइल पूर्वी या तीन अक्षरांनी संपायची, म्हणून पडद्यावर दाखवायच्या सगळ्याच पानांना लोक पीपीटी म्हणायला लागले. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन या दोघांनी तो प्रोग्रॅम अमेरिकेत तयार केला. १९८७ साली तो बाजारात आला, तोही आधी फक्त मॅकिंटॉश कॉम्प्युटरवर. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. म्हणजे ही काही सरकारी नियमात लिहिलेली वस्तू नाही. एका कंपनीचं एक साधन आहे. त्याच कामाची दुसरी साधनं आहेत, फुकटातली पण आहेत, आणि त्यातली बरीचशी तुमच्या हातातल्या फोनवर चालतात. साहेबांनी पीपीटी मागितली म्हणजे त्यांना पडद्यावर किंवा कागदावर पटकन बघता येईल अशी पानं हवी असतात. ती कशात केली, हे ते विचारत नाहीत.

तर मग कशात करायची? हा प्रश्न मी गेले काही महिने भेटेल तिला विचारला. गटांच्या लेखनिक, सीआरपी ताई, अंगणवाडीच्या सेविका, शिवणकाम करणाऱ्या दोघी आणि कॉमर्स शिकणाऱ्या आपल्याच पोरी. मतं एकमेकींशी जुळत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कारण प्रत्येकीचं काम वेगळं.

ज्यांना ऑफिसात जाऊन दाखवायचं असतं त्या पॉवरपॉइंटचं नाव घेतात. कारण साधं आहे, तिथल्या कॉम्प्युटरवर तेच असतं. फाइल नेली की उघडते, इंटरनेट लागत नाही. फोनवरही पॉवरपॉइंटचं अ‍ॅप आहे आणि लहान स्क्रीनच्या फोनवर साधी दुरुस्ती त्यात फुकट करता येते. तक्रार एकच आणि ती मोठी आहे. लॅपटॉपवरचं पूर्ण ऑफिस विकत घ्यावं लागतं, नाहीतर दरसाल पैसे भरावे लागतात. मग कुणीतरी कुठून तरी ‘फुकटचं’ टाकून देतो आणि त्याबरोबर व्हायरसही येतो. ज्या गटाकडे जुना लॅपटॉप आहे त्यांनी लिबरऑफिस बघावं. ते खरोखरच फुकट आहे, चोरीचं नाही, आणि त्यातला इम्प्रेस नावाचा भाग हेच काम करतो. पॉवरपॉइंटची फाइलही उघडतो. दिसायला थोडा रुक्ष आहे, आणि त्यात केलेली फाइल दुसरीकडे उघडली की कधी चौकट इकडे सरकते, कधी ओळ तिकडे.

गूगल स्लाइड्सबद्दल सगळ्यात जास्त चांगलं बोलल्या त्या सीआरपी ताई. त्यांचं काम चार गावांत वाटलेलं असतं. एकीने हेरवाडचे आकडे भरायचे, दुसरीने तेरवाडचे, तिसरीने फोटो टाकायचे. गूगल स्लाइड्समध्ये एकाच फाइलवर तिघी आपापल्या घरी बसून एकाच वेळी काम करू शकतात. कुणी चुकून काही पुसलं तर ‘व्हर्जन हिस्ट्री’मध्ये जाऊन कालची फाइल परत आणता येते. जीमेलचं खातं असलं की झालं, वेगळे पैसे नाहीत. १५ जीबी जागा फुकट मिळते, फक्त त्यातच तुमचे मेल आणि गूगलवर ठेवलेले फोटोही मोजले जातात.

आपल्या भागाला त्याचा आणखी एक उपयोग आहे. ऑगस्ट २०१९ आठवा. पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही बाजूंनी आल्या, शिरोळ तालुक्यातली कितीतरी घरं पाण्यात गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. आधी माणसं आणि जनावरं बाहेर काढली, ते बरोबरच केलं. पण पाणी उतरल्यावर पेटी उघडली तेव्हा गटाची इतिवृत्ताची वही आणि पासबुकं लगद्यासारखी झाली होती, असं किती जणींनी सांगितलं! वही तर ठेवायचीच, तिला पर्याय नाही. पण वर्षाचे आकडे आणि कामाचे फोटो अशा फाइलमध्ये असले तर घर बुडालं तरी ते गूगलच्या खात्यात राहतात, दुसऱ्या कुठल्याही फोनवरून उघडतात. मात्र पासवर्ड एकीलाच ठाऊक आणि तिचाच फोन पाण्यात, असं होऊ देऊ नका. अध्यक्ष, सचिव आणि लेखनिक तिघींकडे फाइलचा हक्क असू दे.

स्लाइड्सची अडचण म्हणजे रेंज. पूल ओलांडला की नेट जातं अशी गावं आहेत आपल्याकडे. निघण्याआधी फाइलवर ‘ऑफलाइन’ची खूण करून ठेवली तर नेट नसतानाही उघडते. ही खूण विसरणाऱ्यांत मी पहिली.

आणि कॅनव्हा. पोरींना विचारलं तर दुसरं नावच घेत नाहीत. शिवणकामवाल्या दोघीही त्याच्याच बाजूच्या, कारण ब्लाउजच्या डिझाइनची पानं, हळदी-कुंकवाचं आमंत्रण, लोणच्याचं लेबल, सगळं एका अ‍ॅपमध्ये होतं. तयार नमुना घ्यायचा आणि आपले शब्द घालायचे. हे अ‍ॅप काढण्यात पुढाकार एका बाईचा आहे. ऑस्ट्रेलियातली मेलनी पर्किन्स कॉलेजात असताना इतर मुलांना डिझाइनचे प्रोग्रॅम शिकवायची. मुलांचा अर्धा वेळ बटणं कुठे आहेत हे शोधण्यातच जातो, हे तिला दिसलं. आधी तिने शाळांची वार्षिक पुस्तकं बनवायचा छोटा धंदा काढला, मग दोन सोबत्यांबरोबर २०१३ मध्ये कॅनव्हा आणलं. त्याआधी पैशासाठी शंभरावर लोकांनी तिला नाही म्हटलं होतं. आपल्याला बँकेत दोन हेलपाटे पडले तर आपण किती नाराज होतो!

पण कॅनव्हाबद्दल माझं मत सांगू? प्रदर्शनाच्या बॅनरला, लेबलला, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या जाहिरातीला ते एक नंबर. बँकेच्या पानांना मी ते वापरत नाही. नमुना इतका देखणा असतो की आकड्याला जागाच उरत नाही. वर मोठं फूल, खाली बारीक अक्षरात कर्जाची रक्कम. शिवाय नेट लागतंच, आणि मुकुटाची खूण असलेलं चित्र घेतलं तर ते पैसे मागतं, नाहीतर चित्रावर पुसट खुणा तशाच राहतात. त्यातली फाइल पॉवरपॉइंटमध्ये उतरवली की मांडणी हलते. याउलट आमच्यातल्याच एका ताईचं म्हणणं असं की, देखणं दिसलं म्हणूनच साहेबांनी आमचं पान बाजूला ठेवलं नाही, नीट बघितलं. तेही खोटं नाही. ज्याला जे साधतंय त्याने ते घ्यावं.

आता मराठी अक्षरांचा घोळ, ज्याच्यामुळे आमची फजिती झाली. हा भाग नीट वाचा, कारण तुम्ही कुठलंही साधन घेतलं तरी याची गाठ पडणारच.

आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख अशा फॉन्टमध्ये मराठी टाइप होत आलंय. लग्नपत्रिका, हँडबिल, सगळं त्यातच. छापायला ते उत्तम. पण या जुन्या फॉन्टची एक गंमत आहे. कॉम्प्युटरच्या पोटात तिथे मराठी अक्षर नसतंच. तिथे इंग्रजी अक्षर किंवा खूण असते आणि फॉन्ट तिला मराठीचा वेश घालतो. ज्या कॉम्प्युटरवर तो वेश नाही तिथे आतलं इंग्रजी उघडं पडतं. बँकेत आम्हाला जे डॉलर आणि कंस दिसले ते हेच.

यावर उपाय म्हणजे युनिकोड. फोनवर आपण व्हॉट्सअ‍ॅपला जे मराठी लिहितो ते युनिकोडच असतं. त्यात ‘क’ हा ‘क’च असतो, कुठल्याही कॉम्प्युटरवर. म्हणून डीटीपीवाल्याकडून काही करून घेतलं तर आधीच सांगायचं, ‘दादा, युनिकोडमध्ये करा.’ त्याला समजतं. विंडोजवर निर्मला हा युनिकोड फॉन्ट असतोच. मुक्ता, बालू, नोटो सान्स हे फुकट मिळतात आणि पडद्यावर ठसठशीत दिसतात. ओळख पटवायची सोपी युक्ती सांगते. फाइलमधला एखादा मराठी शब्द कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मराठीच दिसला तर युनिकोड. ‘egLdkj’ सारखं काही, म्हणजे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर जुना फॉन्ट, पुन्हा टाइप करा.

टाइप करायला त्रास वाटत असेल तर फोनच्या जीबोर्डवर माइकची खूण दाबून मराठीत बोला. आपलं बोलणं ते बऱ्यापैकी लिहितं. नावांची आणि आकड्यांची मात्र वाट लावतं, ते तपासून घ्या.

कॅनव्हात आणखी एक खोड आहे. त्यातले कित्येक फॉन्ट इंग्रजीपुरतेच असतात, मराठी घातलं की तो गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायचं बटण मराठीला लावलं की डोक्यावरची रेघ तुटते. ‘महिला’चे तीन तुकडे तीन पाटांवर बसल्यासारखे दिसतात. ते अंतर शून्यावर ठेवा.

आणि एवढं सगळं केल्यावरही शेवटी पीडीएफ काढा. पॉवरपॉइंट असो, स्लाइड्स असो, कॅनव्हा असो, सगळ्यांतून पीडीएफ निघते. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच समजा, अक्षरं जिथली तिथे राहतात. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक स्वतःच्या फोनमध्ये, एक गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. आणि छापील दोन प्रती पिशवीत, कारण लाइट कुणाला सांगून जात नाही. झेरॉक्सच्या दुकानात जीमेल उघडून प्रिंट काढली तर निघताना लॉगआउट करायला विसरू नका. पानांवर सभासदांचे आधार नंबर किंवा फोन नंबर घालू नका. फोटो घालण्याआधी त्या बाईला विचारा, ‘तुझा फोटो लावू का?’ म्हणून.

इथपर्यंत साधनांचं झालं. पण साधन कुठलंही असलं तरी पानावर काय वर आणि काय खाली, याचा निर्णय साधन घेत नाही. तो आपणच घ्यायचा. आणि तो चुकला तर काय होतं याचं एक उदाहरण मला कधीही विसरता येत नाही.

कल्पना चावला तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. हरियाणातल्या कर्नालची मुलगी. ‘कोलंबिया’ यान १६ जानेवारी २००३ ला उडालं, तेव्हा मिनिट-दीड मिनिटात बाहेरच्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आपटला. फोम म्हणजे हलकी वस्तू, पण वेग भयंकर. यान वर असतानाच इंजिनिअरांनी अभ्यास केला आणि वरिष्ठांना स्लाइडी दाखवल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक वाचलं तर वाटावं, की आधीच्या चाचण्या बघता काळजीचं कारण नाही. खाली लहान लहान होत जाणाऱ्या ओळी होत्या. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, खरी गोष्ट होती. चाचणीत वापरलेला तुकडा ३ घन इंचाचा होता आणि प्रत्यक्षात आपटलेला अंदाजे १,९२० घन इंचाचा.

आपल्या मापात सांगते. ३ घन इंच म्हणजे जेमतेम अर्धा कप चहा. १,९२० घन इंच म्हणजे तेलाचे दोन पंधरा-लिटरी डबे. कपाचा अनुभव घेऊन डब्यांबद्दल बोलणं चाललं होतं, आणि तीच ओळ सगळ्यात खाली.

१ फेब्रुवारी २००३ ला परत येताना यान तुटलं. सातही जण गेले. अपघात स्लाइडमुळे झाला असं कुणी म्हणत नाही, तो फोममुळे झाला. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चौकशी मंडळाचा जो अहवाल आला त्यात ही एक स्लाइड वेगळी काढून दाखवली आहे. एवढं जिवावरचं प्रकरण आहे हे ती स्लाइड वाचणाऱ्या वरिष्ठाच्या लक्षात येऊ नये, यात नवल नाही, अशा अर्थाचं त्यात म्हटलंय. एडवर्ड टफ्टी नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी या स्लाइडचा ओळ न् ओळ अभ्यास केला होता. मोठमोठी शिकलेली माणसं होती ती. तरी अडचणीची ओळ तळाला गेलीच.

आता आपल्या चटणीकडे या. आकडे मी समजा म्हणून धरते, तुम्ही तुमचे घाला.

समजा एक किलो कांदा-लसूण चटणीला मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने, तेल, मीठ, डंकाचा खर्च आणि पिशवी मिळून ४१० रुपये लागतात. विकता ५६० ला. किलोमागे उरले १५०. महिन्याला १५० किलो खपते. १५० गुणिले १५०, म्हणजे २२,५०० रुपये. आमच्या भाच्याच्या सातव्या स्लाइडवर हाच आकडा होता, लाल रंगात, फिरत येणारा: ‘मासिक नफा २२,५००’. आणि बँकेच्या साहेबांनी दुसऱ्या भेटीत पहिला प्रश्न हाच विचारला, ‘तुमची मजुरी कुठाय यात?’

खरंच की! चार बायका महिन्यातले आठ दिवस निवडण-भाजण-कुटण करतात. दिवसाचे ३०० धरले तरी ९,६०० झाले. आपण आपल्या घामाची किंमत शून्य धरतो, ही आपली जुनी सवय. मजुरी वजा केली की उरतात १२,९००. कर्जाचा हप्ता समजा ९,५००. हातात राहिले ३,४००.

आणि अजून एक गोष्ट, जी आम्ही कुठल्याच स्लाइडवर लिहिली नव्हती. चटणीचा खप उन्हाळ्यात. पावसाळ्याचे चार महिने तो निम्म्यावर येतो. ७५ किलो गेली तर ११,२५०. मजुरी निम्मी, ४,८००. उरले ६,४५०. हप्ता ९,५००. म्हणजे दर महिन्याला ३,०५० ची तूट, चार महिन्यांत १२,२००.

हे लपवावंसं वाटतं. वाटणारच. तूट दाखवली तर कर्ज कोण देईल? पण जो रोज कर्जाच्या फायली बघतो त्याला पावसाळा ठाऊक नसतो का? तो विचारणारच, आणि तेव्हा आपण गडबडलो तर बाकीचे खरे आकडेही त्याला खोटे वाटतात. त्यापेक्षा आपणच वर लिहायचं. उरलेले आठ महिने ३,४०० प्रमाणे २७,२०० शिल्लक पडतात. त्यातून १२,२०० ची तूट भरून निघते, तरी वर्षाअखेर १५,००० हातात राहतात. आमची दुसऱ्या खेपेची पहिली स्लाइड अशी झाली:

‘पावसाळ्यात चार महिने हप्त्याला दरमहा ३,०५० कमी पडतील. ते उन्हाळ्याच्या शिलकीतून भरू. मजुरी आणि हप्ता देऊन वर्षाला १५,००० शिल्लक.’

तीन वाक्यं. पांढऱ्यावर काळी मोठी अक्षरं. फूल नाही, आभाळ नाही. पुढच्या पानावर किलोचा हिशोब, मग डंकाचं कोटेशन, मग गटाची बचत आणि आधीच्या कर्जाची फेड, मग दोन फोटो, आमच्या हातांचे आणि चटणीचे. सहा पानांत संपलं. आणि या वेळी माउसच्या बाजूला मी होते. भाचा बाहेर चहा पीत होता. त्यालाही सुटल्यासारखं झालं असणार.

अक्षर किती मोठं? गाय कावासाकी नावाचे अमेरिकेतले उद्योजक सांगतात, दहापेक्षा जास्त स्लाइडी नकोत, वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको, ३० पेक्षा लहान अक्षर नको. मराठीला वर वेलांटी, खाली उकार असल्यामुळे मी ३२ धरते, आणि ओळींत जागा जास्त सोडते. घरी तपासायचं असेल तर लॅपटॉप ओट्यावर ठेवा, पडवीत जाऊन उभ्या राहा आणि चष्म्याशिवाय वाचून बघा. सासूबाईंना वाचता आलं तर उत्तमच. रंगांच्या फंदात पडू नका. हॉलच्या खिडक्यांना पडदे नसतात, प्रोजेक्टर मिणमिणता असतो, तिथे हिरव्यावर पिवळं कुणाला दिसतंय! उडणारी अक्षरं तर बंदच करा. ती उडत असताना आपण बोलायचं विसरतो.

आणि स्लाइड वाचून दाखवू नका. समोरच्याला वाचता येतं. पानावर आकडा असू दे, तो कसा आला ते तोंडाने सांगा. बोलताना आपली भाषा कोल्हापुरी झाली तर होऊ दे की. ‘साहेब, बेडगी मिरचीनं रंग येतोय आणि संकेश्वरीनं तिखटपणा, दोन्ही लागतंय’ हे वाक्य कुठल्याही इंग्रजी शब्दापेक्षा भारी पडतं, कारण ते सांगणारीला धंदा कळतो हे त्यातून दिसतं.

काही ठिकाणी पीपीटी नकोच असते, हेही ध्यानात ठेवा. अ‍ॅमेझॉन ही एवढी मोठी कंपनी, तिच्या संस्थापकाने, जेफ बेझोस यांनी, २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकीत पॉवरपॉइंट बंद केलं. त्याऐवजी पूर्ण वाक्यांत लिहिलेली टिपणं आणायची, बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी गप्प बसून ती वाचायची आणि मग बोलायचं. वाक्य लिहायला लागलं की विचारातली भोकं दिसतात, असं त्यामागचं कारण. आणि आपल्या शेजारचं हेरवाड बघा. मे २०२२ मध्ये ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं थांबवायचं. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव म्हणजे कागदावरची थोडीशी वाक्यं, पण काय थांबवायचं ते त्यात नाव घेऊन सांगितलेलं. म्हणून मी स्लाइडींबरोबर नेहमी एक पानी टिपण देते. साहेब स्लाइडी बघून विसरतात, टिपण फायलीला लागतं.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीने एकच स्लाइड करून आणायची आहे. एकच. तुमच्या धंद्यातली जी गोष्ट बँकेला सांगायची भीती वाटते, ती आकड्यासकट सगळ्यात वरच्या ओळीत, आणि तिच्याखाली तिच्यावरचा उपाय. स्लाइड्समध्ये करा, पॉवरपॉइंटमध्ये करा, कॅनव्हात करा, पण युनिकोडमध्ये आणि पीडीएफ काढून. शेजारणीच्या फोनवर ती पीडीएफ पाठवून उघडते का ते आधी बघा. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी वहीचं पान आडवं धरावं आणि जाड स्केचपेनने लिहावं. पान आडवं झालं की तीही स्लाइडच, आणि तिला लाइटही लागत नाही.